कुंभार्ली घाटात लागलेले दोन लाल दिवे

पोफळी मागे पडून दहा-बारा मिनिटं झाली असतील. 2023 चा मे महिना, दुपारचे अडीच. डिकीत हापूसच्या सहा पेट्या, मागच्या सीटवर धाकटा भाऊ आणि त्याचा मुलगा, माझ्या शेजारी आई. गुहागरजवळच्या आजोळाहून आम्ही चिपळूणमार्गे पुण्याला परत निघालो होतो. कुंभार्ली घाटाची चढण दुसऱ्या गिअरवर चालू होती आणि एका वळणावर मीटरमध्ये लाल रंगाची छोटी बॅटरी उजळली. चौकोनी डबा, एका टोकाला अधिक, दुसऱ्या टोकाला उणे.

"बॅटरी गेली वाटतं," मी म्हटलं.

गाडी 2014 ची, पेट्रोलवरची, सेकंडहँड घेऊन दीड वर्ष झालेलं. आधीच्या मालकाने बॅटरी कधी बदलली होती ते ठाऊक नव्हतं, त्यामुळे हा अंदाज अगदी पटण्यासारखा होता. गाडी ओढतही नीट होती. मग मी एसी बंद केला, गाणी बंद केली, फोनची वायर काढून टाकली. बॅटरी जपून वापरायची आणि वर कोयनानगरला पोहोचलं की कुणाला तरी दाखवायचं, असं ठरवून चालवत राहिले.

चार-पाच मिनिटांत दुसरा दिवा लागला. लाल थर्मामीटर, खाली पाण्याच्या लाटा.

आमच्या गाडीत इंजिनच्या तापमानाचा काटा नाही. हल्लीच्या पुष्कळ छोट्या गाड्यांत नसतो. सकाळी गाडी सुरू केली की निळा थर्मामीटर दिसतो, इंजिन कोमट झालं की तो विझतो. त्यानंतर एकदम लाल लागेपर्यंत मधल्या मधे काय चाललंय ते चालवणाऱ्याला कळायला मार्ग नाही. काटा असता तर तो चढताना दिसला असता. कंपन्यांनी तो काढून टाकला याचं मला त्या दिवशीही वाईट वाटलं आणि आजही वाटतं. काट्यासाठी खर्च फारसा येत नसणार, आणि घाटात त्याची किंमत फार मोठी असते.

भावाने मागून सांगितलं, "ताई, हीटर फुल लाव, इंजिनची उष्णता आत ओढली जाते." मी लावला. मे महिन्यात काचा खाली आणि हीटर चालू. आईने पदर तोंडावर धरला. आत आलेली हवा मात्र म्हणावी तशी गरम नव्हती, आणि हे विचित्र आहे एवढंच तेव्हा जाणवलं. पुढच्या वळणाला रस्ता थोडा रुंद होता, तिथे डोंगराच्या बाजूला गाडी घेतली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, पहिला गिअर टाकला. भावाने उतरून मागच्या चाकांना दगड लावले. बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती आणि आतून तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा आवाज.

भाऊ पाण्याची बाटली घेऊन पुढे गेला. त्याने बॉनेट उघडलं आणि रुमालाने रेडिएटरचं झाकण धरायला हात पुढे केला, तेवढ्यात मागून चढत आलेल्या ट्रकमधून कुणीतरी जोरात ओरडलं, "ओ दादा, हात लावू नका! झाकण नका उघडू!"

त्या ओरडण्याचं मोल मला नंतर कळलं. रेडिएटरचं झाकण कुकरच्या झाकणासारखं काम करतं. आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून ते शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल झालं की दाब एकदम उतरतो आणि त्याच क्षणी सगळं उकळून वर उसळतं. कुकरची शिट्टी झाल्याबरोबर कुणी झाकण ओढून काढत नाही. गाडीचं झाकण मात्र चांगली शिकलेली माणसंही ओढतात आणि हात, चेहरा भाजून घेतात.

ट्रकवाले दादा कराडकडचे होते. त्यांनी ट्रक पुढे बाजूला लावला, येऊन खाली वाकून बघितलं आणि लगेच बोट दाखवलं. "ताई, पट्टा तुटलाय की." इंजिनच्या कडेच्या पुलीला काळ्या रबराची एक लोंबती पट्टी अडकली होती. "बॅटरीचा लाईट आधी लागला असंल."

हो म्हटलं. "मग तवाच थांबायचं."

भाऊ त्यांच्या ट्रकमधून वर हेळवाकच्या दिशेने गेला. जाताना त्यांनी त्याला तुटलेला पट्टा काढून सोबत घ्यायला सांगितलं, कारण पट्ट्याच्या पाठीवर नंबर छापलेला असतो. आमच्या पट्ट्यावर '4 पीके' आणि पुढे तीन आकडे होते. 4 म्हणजे आतल्या बाजूच्या उभ्या धारा चार, पुढचा आकडा म्हणजे मिलिमीटरमध्ये लांबी. तो नंबर बघूनच मेकॅनिकने बरोबर मापाचा पट्टा आणला. नुसतं गाडीचं नाव सांगितलं असतं तर कदाचित दोन खेपा झाल्या असत्या.

भाऊ परत येईपर्यंत पाऊण तास गेला. आई आणि भाचा कठड्याजवळच्या सावलीत आंबा कापून खात होते. मी बॉनेटसमोर उभी राहून त्या लोंबत्या पट्टीची जागा बघत होते आणि एकच प्रश्न डोक्यात होता: पट्टा तुटला, तर दिवा बॅटरीचा का लागला?

मेकॅनिक मोटारसायकलवरून आला. वयाने पंचविशीचा मुलगा, पण हात सराईत. काम करता करता त्याने जे समजावलं ते मी जसंच्या तसं लक्षात ठेवलंय. हा एकच पट्टा डायनामो फिरवतो आणि वॉटर पंपही फिरवतो. (आल्टरनेटरला इकडचे मेकॅनिक अजून डायनामोच म्हणतात.) पट्टा तुटला की डायनामो थांबला, बॅटरीला करंट मिळेना, म्हणून बॅटरीचा दिवा. पाणी फिरवणारा पंपही त्याच क्षणी थांबलेला असतो, पण इंजिन तापायला थोडा वेळ लागतो, म्हणून तापाचा दिवा मागाहून येतो. "बॅटरीचा लाईट म्हणजे बॅटरी खराब असं नसतंय मॅडम. चार्जिंग होत नाय, एवढंच सांगतोय तो. का होत नाय ते आपण बघायचं."

हीटरचं विचारलं तेव्हा तो हसला. हीटरची युक्ती खरी आहे, पण पाणी फिरत असेल तर. हीटरच्या जाळीत गरम पाणी पोहोचवणारा पंपच बंद होता, मग उष्णता आत येणार कुठून? हवा पुरेशी गरम का नव्हती, याचं उत्तर ते होतं. खरं तर ती कोमट हवाच मला सांगत होती की पाणी फिरत नाहीये.

त्याने डायनामोचा बोल्ट सैल करून तो आत सरकवला, पट्टा चढवला, पान्याच्या दांड्याने डायनामो बाहेर रेटून ताण दिला आणि अंगठ्याने पट्टा दाबून बघितला. मग झाकणावर जाड फडकं टाकून, आधी अर्धा आटा फिरवून, वाफ जाऊ देऊन, हळूहळू झाकण काढलं. पाणी बरंच कमी झालेलं. लगेच ओतू दिलं नाही. तापलेल्या हेडवर, म्हणजे इंजिनच्या वरच्या धातूच्या भागावर, गार पाणी पडलं तर हेडला तडा जाऊ शकतो, म्हणून आणखी थोडं थांबवलं, मग इंजिन सुरू ठेवून थोडं थोडं ओतलं. शेवटी डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) काढून बोटावर ऑइल घेतलं. ऑइल ताकासारखं पांढुरकं झालं असतं तर पाणी ऑइलमध्ये गेलं, म्हणजे हेडखालचं सील, हेड गॅस्केट, गेलं. आमचं काळपट तपकिरीच होतं. सायलेन्सरमधून पांढरा धूरही येत नव्हता. "वाचलं," तो म्हणाला. "अजून दोन वळणं चालवली असती तर टो करूनच न्यायला लागली असती."

पुण्याला पोहोचायला रात्रीचे दहा वाजले. सहाही पेट्या शाबूत होत्या.

पुढच्या रविवारी सकाळी मी डॅशबोर्डच्या कप्प्यातली गाडीची पुस्तिका काढली. दीड वर्षात ती उघडलीच नव्हती. त्यातलं दिव्यांचं प्रकरण चार पानांचं होतं आणि तक्त्यात प्रत्येक चिन्हासमोर एक-दोन वाक्यं. वाचताना लक्षात आलं की ही चिन्हं आमच्याच गाडीची नाहीत. जगभरच्या कंपन्या थोड्याफार फरकाने हीच वापरतात, कारण त्यांच्यासाठी आयएसओ 2575 नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. एकदा शिकलेलं दुसऱ्या गाडीतही चालतं. रंगांची रीतही तीच. लाल म्हणजे आत्ता बघा, पिवळा-नारिंगी म्हणजे लवकर दाखवा, हिरवा-निळा म्हणजे अमुक गोष्ट चालू आहे एवढीच माहिती.

पण सगळे लाल दिवे सारखे नसतात, आणि हे पुस्तिकेत पुरेसं ठासून लिहिलेलं नाही असं मला वाटतं. सर्वांत घाईचा दिवा तेलाच्या झारीचा. लांब चोच, चोचीतून थेंब. हा दिवा ऑइल किती आहे ते दाखवतो असा आमच्या सोसायटीतल्या निम्म्या लोकांचा समज आहे. मी विचारून बघितलं. तो ऑइलचा दाब दाखवतो. दाब नसेल तर इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या, म्हणजे क्रँकच्या, बेअरिंगपर्यंत तेल पोहोचत नाही आणि धातू धातूवर घासायला लागतो. तापाचा दिवा लागल्यावर जागा बघून गाडी बाजूला घेण्याइतका वेळ मिळतो, झारी लागली तर तेवढाही धरून चालायचा नाही. इंजिन बंद, मग बाकीचं. डिपस्टिकवर ऑइल भरपूर दिसलं तरी दिवा विझत नसेल तर इंजिन चालू करायचं नाही, गाडी उचलून न्यायची.

तापाच्या दिव्याबद्दलही एक गोष्ट कळली. तो सेन्सर पाण्याचं तापमान मोजतो. पाइप फुटून सगळं पाणी एकदम वाहून गेलं तर सेन्सर कोरडा पडतो आणि दिवा उशिरा लागतो किंवा लागतही नाही. तेव्हा इंजिनचा वास, ओढ कमी होणं, गाडीखालचा ओला डाग यांवरच ओळखावं लागतं. दिवा नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरून चालता येत नाही.

हे वाचून झाल्यावर मी खाली गेले आणि पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे चावी दोन खटके फिरवली, स्टार्टरपर्यंत न नेता. इशाऱ्याचे दिवे एकदम लागले पाहिजेत. ही गाडीने स्वतःची घेतलेली हजेरी असते: दिवे शाबूत आहेत, लागू शकतात, याची खात्री. मांडीवर पुस्तिका ठेवून मी एकेक चिन्ह जुळवत गेले. झारी होती. बॅटरी होती. चेक इंजिन, एबीएस, हँडब्रेकचा गोल, सीटबेल्ट, सगळे होते.

एअरबॅगचा नव्हता. बसलेला माणूस आणि पोटासमोर फुगलेला गोल, हे चिन्ह त्या जागी उजळायलाच हवं होतं, आणि तिथे अंधार होता. पाच-सहा वेळा चावी फिरवून बघितलं.

हा सगळा प्रकार त्या पट्ट्यापेक्षा कितीतरी गंभीर निघाला. ओळखीच्या मेकॅनिकने मीटर उघडलं तेव्हा एअरबॅगच्या चिन्हामागे काळी इन्सुलेशन टेप चिकटवलेली होती. व्यवस्थित कापून, कडा जुळवून. टेप काढली आणि चावी फिरवली, तर तो लाल दिवा लागला आणि लागूनच राहिला. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये स्टिअरिंगचं मधलं कव्हर काढलं. आत पिशवीच नव्हती. गाडीचा आधी कधीतरी समोरून अपघात झालेला, एअरबॅग उघडलेली, आणि ती नवी न बसवता वर नुसतं कव्हर बसवून दिलेलं. एअरबॅग एकदाच उघडते, घडी घालून परत ठेवता येत नाही. तिच्यासोबत सीटबेल्ट आवळणारी यंत्रणाही उडालेली असते आणि या सगळ्याचा कंट्रोल युनिटही बहुधा बदलावा लागतो. दुरुस्तीचा हा खर्च वाचवण्यासाठी कुणीतरी टेपचा एक इंच तुकडा वापरला होता.

दीड वर्ष मी त्या स्टिअरिंगमागे बसत होते. भाच्याला शाळेत सोडत होते, आईला दवाखान्यात नेत होते. भारतात नव्या गाड्यांना चालकाची एअरबॅग सक्तीची झाली ती 1 जुलै 2019 पासून. आमची गाडी त्याच्या आधीची, आणि एअरबॅग असलेलं वरचं मॉडेल म्हणून तिला जास्त पैसे मोजले होते. ज्याच्याकडून गाडी घेतली त्याने आपल्याला काहीच माहीत नव्हतं असं सांगितलं. कागदावर काही सिद्ध करता आलं नाही. खर्च आम्हीच केला, आणि तो केला याचं मला जराही दुःख नाही. दुःख याचं आहे की हे तपासायला दहा सेकंद लागतात आणि गाडी बघायला गेलो त्या दिवशी आम्ही रंग, टायर, सीटकव्हर, किलोमीटर सगळं बघितलं, चावी दोन खटक्यांवर थांबवून दिवे मोजले नाहीत. आता ओळखीत कुणी जुनी गाडी बघायला निघालं की मी फोन करून एवढंच सांगते: जो दिवा आधी लागतच नाही, त्याच्याबद्दल विचारा.

त्यानंतर मी दोन वस्तू घेतल्या. एक, लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा छोटा व्होल्टमीटर. इंजिन चालू असताना तो साधारण 14 दाखवतो. तो 12 कडे उतरायला लागला तर डायनामो चार्ज करत नाहीये हे आकड्यात दिसतं. दुसरी, ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारा, स्कॅनर, आगपेटीपेक्षा थोडा मोठा, ब्लूटूथवर फोनला जोडला जाणारा. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं, त्यात तो बसतो. त्यामुळे गाडीत नसलेला तापमानाचा काटा मला फोनवर मिळाला. घाटात भाऊ मागे बसून मोठ्याने आकडा वाचतो: "ब्याण्णव... चौऱ्याण्णव... पंखा लागला, उतरलं."

स्कॅनरचा खरा उपयोग पुढच्या पावसाळ्यात झाला. सिंहगड रोडवर सिग्नलला गाडी थरथरायला लागली आणि पिवळा इंजिनाचा दिवा लागला. आधी लुकलुकला, मग स्थिर राहिला. हा फरक मी वाचून ठेवला होता. स्थिर पिवळा म्हणजे दाखवून घ्या. लुकलुकणारा म्हणजे कुठल्यातरी सिलिंडरमध्ये पेट्रोल न जळता तसंच पुढे सायलेन्सरकडे जातंय आणि वाटेतला धूर स्वच्छ करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर त्याने तापून खराब होऊ शकतो. मी ॲक्सिलरेटर अगदी हलका ठेवला आणि कडेकडेने घरी आले.

जवळच्या गॅरेजमध्ये न बघताच सांगितलं, "पेट्रोलमध्ये पाणी आलं असेल, टाकी उतरवावी लागेल." मी एक दिवस मागून घेतला. फोनवर बिघाडाचा कोड आला पी 0303. शेवटचा आकडा सिलिंडरचा: तिसरा सिलिंडर मिसिंग मारतोय, म्हणजे त्यात पेट्रोल नीट पेटत नाहीये. पेट्रोलमध्ये पाणी असतं तर एकच सिलिंडर कशाला रुसेल, असं मला वाटलं, पण नुसत्या वाटण्यावर जायचं नव्हतं. घाटातल्या बॅटरीच्या दिव्याने शिकवलं होतं की दिवा जागा सांगतो, कारण नाही. कोडही तसाच. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग गेला असेल, प्लगला वीज देणारी कॉइल गेली असेल, इंजेक्टर गेला असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, भावाने दहाचा पाना घेऊन दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइल काढल्या आणि अदलाबदल करून बसवल्या. प्रत्येकीला एक बोल्ट आणि एक कनेक्टर, पंधरा मिनिटांचं काम. कोड पुसला, गाडी सुरू केली, सोसायटीभोवती चार चकरा मारल्या. तिसऱ्या चकरेला थरथर आली आणि दिवा लागला. फोनवर पी 0302. दोष कॉइलबरोबर तिसऱ्यावरून दुसऱ्यावर गेला होता. म्हणजे कॉइलच. पार्किंगमध्ये आम्ही दोघं बहीणभाऊ त्या चार आकड्यांकडे बघून इतके खूश झालो की वॉचमनकाका विचारायला आले काय झालं म्हणून.

नवी कॉइल बसवली. टाकी उतरवली नाही. तेव्हापासून कोड पुसण्याबद्दल मात्र मी कडक आहे. भावाच्या मित्राने पीयूसीला जाण्याआधी दिवा दिसू नये म्हणून कोड पुसून घेतला होता. दिवा दोन दिवसांनी परत लागला आणि मधल्या काळात गाडीने साठवलेली माहितीही गेली. आधी कोड लिहून घ्यायचा, फोटो काढायचा, मग दुरुस्ती, आणि पुसणं सगळ्यात शेवटी.

आईला हे सगळं तोंडी सांगून झालं होतं. तिला कोडमध्ये रस नाही, पण चिन्हं तिने पाठ केली आहेत, स्वतःची नावं देऊन. ऑइलची ती झारी. हँडब्रेकचा तो उद्गारचिन्हवाला गोल. एकदा उतारावर वळताना तो गोल क्षणभर लागून विझला ते तिनेच पाहिलं, माझं लक्ष रस्त्यावर होतं. ब्रेक ऑइल कमी झालं होतं आणि वळणावर हेलकावत होतं. गळती कुठे नव्हती, पुढचे ब्रेक पॅड झिजून पातळ झाले होते, त्यामुळे डबीतली पातळी खाली गेली होती. पॅड बदलले.

यंदा गणपतीला गावी निघालो तेव्हा पहाटेचे साडेचार वाजले होते. सामान भरून झालं, भाचा मागे झोपला. मी चावी दोन खटके फिरवली आणि थांबले. आई पुढे वाकून मीटरकडे बघत होती.

"झारी आहे. बॅटरी आहे. गोल आहे. तुझा तो पिवळा आहे." मग थोडा वेळ थांबली. "एअरबॅगचा माणूस लागला... विझला. चल."